आरोपी, कर्जदार आणि त्यांचा वकील

अमेरिकेतल्या लहान गावांत वकिलाच्या पाटीवर पुष्कळदा दोन कामं शेजारी शेजारी लिहिलेली असतात: फौजदारी बचाव आणि वैयक्तिक दिवाळखोरी. ब्रिटनमध्ये अशी पाटी शोधावी लागेल. इथे पोलीस ठाण्यात आणि मॅजिस्ट्रेटसमोर उभी राहणारी सॉलिसिटर मंडळी वेगळी, क्राउन कोर्टातले बॅरिस्टर बहुधा वेगळे. कर्जात बुडालेल्या माणसाचं काम तर परवानाधारक इन्सॉल्व्हन्सी प्रॅक्टिशनर, ‘सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस’सारख्या संस्थांतले सल्लागार आणि सरकारचा ऑफिशियल रिसीव्हर यांच्यात वाटलेलं. ही वाटणी नीटनेटकी दिसते, आणि कायद्याची गुंतागुंत पाहता तिचं समर्थनही करता येतं. अमेरिकन वकिलाची ती पाटी बघून इथला सॉलिसिटर म्हणेल की गाव लहान, मिळेल ते काम घ्यावं लागतं, त्यात विशेष काय? पोटापाण्याचा भाग त्यात असेलच. तरी मला वाटतं, त्या पाटीला माणूस जास्त बरोबर कळलेला आहे. आरोपी आणि कर्जदार ही अनेकदा एकाच माणसाची दोन नावं असतात. दोन्ही ठिकाणी वकिलाचं कामही एकच असतं. समोरचा बलवान पक्ष जो आकडा किंवा जो आरोप पुढे करतो तो खरा आहे का, हे आधी तपासायचं. आणि खरा निघालाच, तर त्या माणसाकडून काय आणि किती काळ वसूल करता येईल याला हद्द आहे, हे ठणकावून सांगायचं. ही दोन कामं वेगळी मानून ब्रिटनने दोन्हींसाठी हात आखडता घेतला, आणि त्याची किंमत ज्यांनी मोजली त्यांच्यात गुन्हेगारही नव्हते आणि उधळेही नव्हते.

कर्ज आणि गुन्हा यांची फारकत इंग्लंडमध्ये फार जुनी नाही. १५४२ साली आठव्या हेन्रीच्या काळात दिवाळखोरीचा पहिला कायदा झाला तो दिवाळखोराला अपराधी समजूनच. १७०५ च्या कायद्याने प्रामाणिक व्यापाऱ्याला उरलेल्या कर्जातून मोकळं होण्याची वाट प्रथम दिली. मात्र त्याच कायद्यात मालमत्ता लपवणाऱ्याला फाशीची तरतूद होती, आणि १७६१ मध्ये जॉन पेरट नावाच्या व्यापाऱ्याला लंडनच्या स्मिथफील्डमध्ये त्यासाठी खरोखर फासावर चढवण्यात आलं. ही शिक्षा १८२० पर्यंत कायद्यात होती. १८२४ मध्ये चार्ल्स डिकन्सचे वडील एका बेकरीवाल्याच्या ४० पौंड १० शिलिंगांसाठी मार्शलसीच्या तुरुंगात गेले, हे मराठी वाचकालाही ठाऊक असतं. त्या काळातल्या आरोपीची अवस्था मात्र सहसा सांगितली जात नाही. गंभीर गुन्ह्याचा आरोप असलेल्या माणसाच्या वकिलाला साक्षीदाराची उलटतपासणी घेता येई. पण ज्युरीसमोर उभं राहून आपल्या अशिलाची बाजू मांडण्याचा हक्क त्याला १८३६ च्या कायद्यापर्यंत नव्हता. म्हणजे ऋणको कोठडीत आणि आरोपीचा वकील अर्धा मुका, हे एकाच व्यवस्थेचं चित्र होतं, आणि दोन्हीमागचा समज एकच होता: ज्याच्याकडे बोट दाखवलं गेलं त्याने काहीतरी केलंच असणार.

१८६९ च्या डेटर्स अ‍ॅक्टने कर्जासाठीची कैद रद्द केली असं पाठ्यपुस्तकात असतं. ते निम्मंच खरं आहे. दिवाळखोरीचं दार १८६१ पर्यंत फक्त व्यापाऱ्यांना उघडं होतं. पुढे ते सर्वांना उघडलं तरी आत जाण्याचा खर्च मजुराच्या आवाक्याबाहेरचा. म्हणून हजारो पौंड बुडवणारा व्यापारी रीतसर दिवाळखोरी घेऊन नव्याने धंदा मांडू शके, आणि किराण्याचे किंवा हप्त्याच्या कपड्यांचे दोन-चार पौंड थकलेला कामगार कौंटी कोर्टाच्या हुकमाने तुरुंगात जाई. युक्तिवाद मोठा चतुर होता. तुला कर्जासाठी नव्हे, ऐपत असून कोर्टाचा हुकूम मोडल्याबद्दल आत टाकतो आहोत, असं त्याला सांगितलं जाई. ऐपत होती की नाही हे दाखवायला त्याच्याकडे वकील नसे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दरवर्षी हजारो माणसं या वाटेने आत जात होती, आणि साध्या दिवाणी कर्जांपुरती ही वाट १९७० च्या कायद्याने बंद झाली. महाराष्ट्राला हा इतिहास परका वाटू नये. १८७५ च्या मे महिन्यात भीमथडी तालुक्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची खतं जाळली, त्यानंतर चौकशी आयोग बसला आणि १८७९ च्या दख्खन कृषक कायद्याने पैशाच्या हुकूमनाम्यापोटी शेतकऱ्याला अटक करण्याला बंदी घातली. विलायतेत दहा वर्षांपूर्वी तत्त्व म्हणून मान्य झालेली गोष्ट महाराष्ट्रात खतं जळाल्यावर मान्य झाली. आणि आज चेक न वटणं हा फौजदारी गुन्हा असल्यामुळे मुंबई-पुण्याच्या मॅजिस्ट्रेट कोर्टांत मूळच्या दिवाणी देण्यांचे खटले ढिगाने पडलेले असतात. म्हणजे ही फारकत आपल्याकडेही कागदावरच जास्त आहे.

ब्रिटनमध्ये ती किती कागदी आहे याचा सर्वांत मोठा पुरावा पोस्ट ऑफिसच्या ‘होरायझन’ प्रकरणाने दिला. फुजित्सूने बनवलेली ही संगणकप्रणाली १९९९ पासून देशभरच्या टपाल कचेऱ्यांत बसवली गेली. गावोगावची ही कचेरी बहुधा दुकानातच असते आणि ती चालवणारे सबपोस्टमास्तर हे पोस्टाचे नोकर नव्हेत, कंत्राटदार. त्यांत दक्षिण आशियाई कुटुंबं बरीच. संध्याकाळी हिशेब जुळवताना संगणक तूट दाखवू लागला. तुटीची भरपाई करारानुसार तुमचीच, असं पोस्ट ऑफिस सांगे. इथे एका आकड्याचा प्रवास बारकाईने बघण्यासारखा आहे. संगणकाने दाखवलेली तूट त्याच क्षणी सबपोस्टमास्तरचं कर्ज झाली. ते त्याने बचतीतून, नातेवाइकांकडून, घर गहाण टाकून भरलं, तर तो कंगाल. भरता येत नाही म्हणून दुसऱ्या दिवशी कचेरी उघडायला खातं जुळल्याची सही केली, तर तो खोटा हिशेब लिहिल्याचा गुन्हेगार. यॉर्कशरमधल्या ब्रिडलिंग्टनचे ली कॅसलटन तूट वाढत असताना मदतीसाठी पुन्हा पुन्हा फोन करत होते. सुमारे २५ हजार पौंडांच्या तुटीचा दिवाणी दावा त्यांच्यावर लागला, वकील परवडेना म्हणून ते हायकोर्टात स्वतःच उभे राहिले, २००७ मध्ये हरले, आणि ३ लाख २१ हजार पौंडांचा खर्च डोक्यावर बसून दिवाळखोर झाले. वेस्ट बायफ्लीटच्या सीमा मिश्रांवर ७४ हजार पौंडांच्या चोरीचा आरोप होता. त्यांच्या बाजूने तज्ज्ञ होता, त्याने प्रणालीची माहिती पुन्हा पुन्हा मागितली, ती पुरती मिळाली नाही, आणि २०१० मध्ये गरोदर असताना त्यांना १५ महिन्यांची शिक्षा झाली. एकाला दिवाणी कोर्टाने बुडवलं, एकीला फौजदारी कोर्टाने. पुरावा दोघांविरुद्ध एकाच यंत्राचा होता.

या यंत्रावर इतका विश्वास कुठून आला? १९८४ च्या पोलीस आणि पुरावा कायद्यात एक कलम होतं, ६९ वं. संगणकाचा कागद पुरावा म्हणून आणायचा तर संगणक नीट चालत होता हे आणणाऱ्याने दाखवावं, असं ते कलम म्हणे. ते फार जाचक वाटलं म्हणून १९९९ च्या कायद्याने काढून टाकलं. त्यानंतर यंत्र बरोबरच आहे असं गृहीत धरलं जाऊ लागलं आणि ते चुकतं हे दाखवायची जबाबदारी आरोपीवर पडली. १९३५ च्या वूल्मिंग्टन खटल्यात लॉर्ड सँकी यांनी गुन्हा सिद्ध करण्याचा भार फिर्यादी पक्षावरच असतो हे ब्रिटिश न्यायाचं मूळ तत्त्व म्हणून मांडलं होतं; ते तत्त्व पुस्तकात तसंच राहिलं आणि टपालाच्या काउंटरवर उलटं झालं. ९०० हून अधिक माणसं दोषी ठरली, त्यांतल्या ७०० हून अधिकांवर खटले खुद्द पोस्ट ऑफिसनेच खासगी फिर्यादीचा अधिकार वापरून चालवले. २०१९ मध्ये न्यायमूर्ती फ्रेझर यांनी प्रणाली भरवशाची नव्हती असा निकाल दिला, २०२१ मध्ये अपील कोर्टाने एकाच दिवशी ३९ जणांच्या शिक्षा रद्द केल्या, आणि उरलेल्यांसाठी २०२४ मध्ये संसदेला स्वतंत्र कायदा करावा लागला. सर विन विल्यम्स यांच्या चौकशीच्या २०२५ च्या अहवालानुसार किमान १३ जणांनी या प्रकरणामुळे आत्महत्या केली असावी. यात बचावाच्या वकिलांचाही दोष झाकता येणार नाही. चोरीचा आरोप मागे घेतात, तुम्ही खोट्या हिशेबाचा गुन्हा कबूल करा, या सौद्याला मान्यता देणारे वकीलही होतेच. पण तो सौदा स्वीकारला गेला तो बहुतेकदा आकड्याशी झुंजायला ना वेळ होता ना पैसा, म्हणून. आकडा तपासायला एखादा हिशेबतज्ज्ञ नेमायचा तर त्याची फी कोणीतरी द्यायला हवी.

होरायझन हा अपवाद आहे, असं म्हणून हे प्रकरण मिटवण्याची सोय आहे. रोजच्या कामकाजाकडे पाहिलं की ती सोय उरत नाही. लायसन्सशिवाय टीव्ही बघणं हा इथे अजून फौजदारी गुन्हा आहे, दंड हजार पौंडांपर्यंत. आणि खटले भरले जातात त्यांत सुमारे तीन चतुर्थांश स्त्रिया, कारण तपासनीस दार वाजवतो तेव्हा घरात त्याच असतात. २०१५ पासून असे खटले एकच मॅजिस्ट्रेट बंद खोलीत कागदांवरून निकालात काढतो. आरोपीने हजर राहायचं नसतं, पाकीट उघडून उत्तर धाडायचं असतं. कर्जात गळ्यापर्यंत बुडालेला माणूस सगळ्यांत आधी टपाल उघडणं सोडतो, हे कोणताही कर्जसल्लागार सांगेल. या पद्धतीने रेल्वे कंपन्यांनी तिकिटांचे जे खटले चालवले त्यांतले सुमारे ७४ हजार बेकायदा ठरवून मुख्य मॅजिस्ट्रेट पॉल गोल्डस्प्रिंग यांना ऑगस्ट २०२४ मध्ये रद्दबातल करावे लागले. ज्या कायद्याखाली ते चालवले त्याला ही झटपट पद्धत लागूच नव्हती. इतक्या निकालांत ही साधी चूक कुणाच्या लक्षात आली नाही, कारण खोलीत दुसऱ्या बाजूचं कोणी नव्हतंच. आणि एकदा दंड झाला की तो दिवाळखोरीनेही धुऊन जात नाही. १९८६ च्या इन्सॉल्व्हन्सी अ‍ॅक्टनुसार क्रेडिट कार्डाचं कर्ज वर्षाने संपतं, पण फौजदारी दंड माणसाच्या मागे तसाच राहतो. कर्जसल्लागाराला दंड उलटवता येत नाही, फौजदारी वकील कर्जाचा कागद बघत नाही, आणि दोघांच्या मधल्या फटीत माणूस पडतो.

या सगळ्याला पहिला आक्षेप अर्थातच नैतिक आहे. खऱ्या गुन्हेगाराला सोडवायचं आणि उधळ्याला मोकळं करायचं, यात कसलं पुण्य? पै-पै करून हप्ते फेडणाऱ्याने काय घोडं मारलं? हा प्रश्न मी हलका मानत नाही. मराठी घरांत देणं बुडवणं ही अब्रूची गोष्ट असते, आणि ती भावना वाईट नाही. पण कायदा काय करतो ते नीट पाहावं. २००२ च्या कायद्याने दिवाळखोरीची मुदत तीन वर्षांवरून एक वर्षावर आणली खरी, मात्र त्याच कायद्याने बेजबाबदार वागलेल्यावर दोन ते १५ वर्षांचे निर्बंध घालण्याची सोय केली. मालमत्ता लपवणं, दिवाळखोरी न सांगता नवं कर्ज घेणं हे अजून फौजदारी गुन्हे आहेत. घर विकलं जाऊ शकतं, पगारातला उरलेला हिस्सा तीन वर्षांपर्यंत कापला जाऊ शकतो, नाव सार्वजनिक नोंदवहीत लागतं. हे सुटणं फुकटचं नाही. गुन्ह्याच्या बाजूलाही हेच आहे: शिक्षा भोगल्यावर ठरावीक काळाने बहुतेक जुन्या शिक्षा विचारात घ्यायच्या नाहीत, असं १९७४ चा पुनर्वसन कायदा सांगतो. दोन्हीकडे समाजाने विचार करून ठरवलं आहे की अपराधाला आणि देण्याला अंत असावा, नाहीतर माणूस कामाचा राहत नाही. यात भाबडेपणा नाही. ज्याला आयुष्यभर काही उरणारच नाही तो कमावणं सोडतो, हा सावकारालाही समजणारा हिशेब आहे. ही मुदत त्या माणसाच्या पदरात पडते की नाही हे बघणारा वकील समाजाने आधीच दिलेला शब्द पाळून घेत असतो. आणि खरा गुन्हेगार? त्याचाही बचाव चांगला व्हावा लागतो, कारण दोषी कोण हे बचाव झाल्याशिवाय कळायला दुसरा मार्ग नाही. होरायझनच्या फिर्यादींनाही आपले आरोपी दोषीच वाटत होते.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे, आणि तो वकिलांवरच आहे. पोस्ट ऑफिसने ५५५ दावेदारांशी २०१९ मध्ये ५ कोटी ७७ लाख ५० हजार पौंडांना तडजोड केली; वकिलांची फी आणि दाव्याला पैसा पुरवणाऱ्यांचा वाटा जाऊन दावेदारांच्या हाती सुमारे १ कोटी २० लाख आले. न्याय मिळवून देणाऱ्यांनीच तो खाल्ला, असं कोणी म्हटलं तर त्याला गप्प करता येणार नाही. पण हे का झालं? सार्वजनिक पैसा नव्हता म्हणून बाजारातून पैसा उभारावा लागला, आणि बाजाराने आपली किंमत घेतली. १९४९ च्या लीगल एड, म्हणजे सरकारी खर्चाने वकील देण्याच्या, कायद्यामागचा विचार हाच होता की कोर्टाचा दरवाजा बाजारभावाने उघडू नये. २०१३ पासून लागू झालेल्या कपातीत कर्जाच्या प्रकरणांसाठीची मदत, घर जाण्याची वेळ आल्याखेरीज, बंद झाली. क्राउन कोर्टात तर घरातलं खर्च भागवून उरणारं उत्पन्न ३७,५०० पौंडांवर गेलं की मदत नाही, आणि स्वखर्चाने लढून निर्दोष सुटलेल्यालाही परतफेड मिळते ती फार तर लीगल एडच्या तुटपुंज्या दराने, पुष्कळदा तीही नाही. कॉमन्सचे उपसभापती राहिलेले नायजेल एव्हन्स २०१४ मध्ये प्रेस्टन क्राउन कोर्टात सर्व आरोपांतून सुटले आणि १ लाख ३० हजार पौंडांची बचत गमावून बसले. ज्या पक्षाच्या तिकिटावर ते निवडून आले होते त्याच पक्षाच्या राजवटीत ही कपात झाली होती. मराठी माणसाला इथे लोकमान्य आठवावेत. ब्रिटिश पत्रकार व्हॅलेंटाईन चिरोलवरच्या अब्रुनुकसानीच्या दाव्यासाठी ते लंडनला आले, सर जॉन सायमन यांच्यासारखा वकील दिला, समोर सर एडवर्ड कार्सन होते, आणि फेब्रुवारी १९१९ मध्ये दावा हरले. खर्चाचा बोजा लोकांनी वर्गणी काढून उतरवला. ज्याच्यामागे वर्गणी काढणारा देश नाही, त्याने काय करावं?

फौजदारी वकील गडगंज असतात, हा समजही इथल्या आकड्यांपुढे टिकत नाही. २०२१ च्या बेलामी अहवालाने लीगल एडच्या दरांत किमान १५ टक्के वाढ तातडीने सुचवली. ती मिळेना तेव्हा २०२२ मध्ये इंग्लंड आणि वेल्सचे बॅरिस्टर काळे झगे घालून संपावर गेले, तेव्हा कुठे सरकार हललं. क्राउन कोर्टांत तुंबलेले खटले पुढे ७० हजारांच्या वर गेले. त्यावर सर ब्रायन लेव्हसन यांच्या समितीने काही खटल्यांतून ज्युरीच वगळण्याचा उपाय सुचवला. आधी वकील स्वस्त करायचा, मग खटला तुंबला म्हणून ज्युरी आटोपती घ्यायची, हा क्रम मला धोक्याचा वाटतो.

तिसरं म्हणणं आधुनिक आहे: कर्जाच्या कामाला वकील हवाच कशाला? २०१६ पासून दिवाळखोरीचा अर्ज ऑनलाइन भरता येतो, कोर्टात जावं लागत नाही; फी मात्र ६८० पौंड, हा विनोद कोणाला सुचला कोण जाणे. लहान कर्जांसाठी २००९ पासून डेट रिलीफ ऑर्डर, म्हणजे कर्जमुक्तीचा आदेश, आहे. तिची मर्यादा १५ हजारांवरून वाढत २०२४ मध्ये ५० हजार पौंड झाली आणि ९० पौंडांची फीही त्याच वर्षी रद्द झाली. २०२१ पासून ६० दिवस सावकाराला थांबवणारी ‘ब्रीदिंग स्पेस’ आहे. स्कॉटलंडची पद्धत वेगळी, पण दिशा तीच. या सुधारणा चांगल्या आहेत, आणि साध्या प्रकरणात वकील लागू नये हेही योग्यच. अडतं ते निवडीपाशी. ज्याला डेट रिलीफ ऑर्डर पुरली असती अशा माणसाला पाच-सहा वर्षांच्या हप्त्यांचा करार गळ्यात मारण्यात ज्यांना दलाली मिळत होती, अशी एक बाजारपेठच इथे उभी राहिली. ती दलाली २०२३ मध्ये आर्थिक नियामकाला बंद करावी लागली. मुळात हे कर्ज माझं आहे का, हा प्रश्न तर कोणताच ऑनलाइन अर्ज विचारत नाही. कॅसलटन यांनी असा अर्ज भरला असता तर त्या २५ हजारांचा रकाना भरून ते निमूटपणे पुढे गेले असते.

म्हणून मागणी साधी आहे. कर्जाच्या प्रकरणांसाठी २०१३ पूर्वीची लीगल एड परत यावी. यंत्राचा आकडा पुरावा म्हणून आणणाऱ्याने ते यंत्र ठीक असल्याचं आधी दाखवावं. आणि थकलेलं देणं गुन्हा म्हणून चालवलं जाईल तिथे आरोपीला सल्लागार मिळाल्याखेरीज निकाल लागू नये. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी वाचकाने एवढं लक्षात ठेवावं, की पोलिसांनी ‘सहज बोलायला’ बोलावलं तरी ठाण्यातला सॉलिसिटर मोफत असतो, उत्पन्न कितीही असो, आणि तो मागण्यात अपराधाची कबुली नसते. वेल्सने १ एप्रिल २०१९ पासून कौन्सिल टॅक्स थकवल्याबद्दलची कैद रद्द केली. इंग्लंडच्या कायद्यात ती तीन महिन्यांपर्यंतची कैद राहिली, आणि १८६९ च्या कायद्याने कर्जाचा तुरुंग संपवला, असं इथल्या पाठ्यपुस्तकांत लिहिलं जात राहिलं.